परवान्यावर शिल्लक दोन वर्षं

वाईच्या गणपती आळीत तात्यांचं घर शोधायला पत्ता लागत नसे. ‘एसटीवाले तात्या’ म्हटलं की गल्लीत खेळणारं पोरही दारापर्यंत आणून सोडायचं. चौतीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली. महाबळेश्वरच्या खेपा, मुंबईची रातराणी, आषाढीच्या जादा गाड्या, आडगावच्या मुक्कामी गाड्या. आणि एवढ्या काळात एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी देवघराशेजारी चौकटीत लावला होता. शेवटची काही वर्षं आगारात नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचं कामही त्यांच्याकडे होतं. २००५ साली, अठ्ठावन्न पुरी होताच, ते निवृत्त झाले. पुढे फंडाच्या पैशांतून एक पांढरी वॅगनआर दारात आली आणि तात्यांचं स्टेअरिंग काही सुटलं नाही.

पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्या न्यूट्रलमध्ये सोडलेल्या दिसल्या, ब्रेक जळल्याचा वास आला, की तात्या हमखास म्हणायचे, “ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर की रे बाबा.” चढणाऱ्या गाडीला आधी वाट, वळणावर हॉर्न, समोरून गाडी आली की डिपर, हे त्यांचे नियम. सून वैशाली म्हणायची, “तात्यांच्या शेजारी बसलं की झोप लागते.” गाडी चालवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही.

२०२२ चा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न उरकलं आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. शिरवळला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं आटोपून निघायला रात्र झाली. तात्या गाडी चालवत होते, शेजारी बायको माई, मागे मुलगा सुहास आणि वैशाली. खंबाटकी घाट ओलांडला, सुरूर फाट्यावरून वाईच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना जुने वड, वर चांदणंही दिसेना. समोरून एक गाडी अपर लाइट टाकून आली आणि गेली. पुढच्याच क्षणी माई किंचाळली, “अहो!” तात्यांनी ब्रेकवर पाय दाबला. टायर करकरले. बॉनेटच्या पुढे दोन हातांवर उसाने भरलेली डबल ट्रॉली होती. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. उसाचे शेंडे काचेला टेकायचे तेवढे बाकी होते.

कुणाला खरचटलंही नाही. माईच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला, एवढंच. तात्या ट्रॉलीवाल्याच्या नावाने चार शिव्या घालून मोकळे झाले आणि त्या काही चुकीच्या नव्हत्या. पण सुहास घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

सकाळी खिळ्याला किल्ली नव्हती.

“किल्ली माझ्याकडे आहे,” सुहास म्हणाला. “तात्या, आता बास. पंचाहत्तर झाली. काल देवाने वाचवलं.”

“देवाने नाही, माझ्या ब्रेकने वाचवलं,” तात्या उसळले. “चौतीस वर्षं हजारो माणसं सुखरूप पोचवली मी. तुझा गाडी शिकतानाचा पहिला क्लच कुणी सांभाळला ते आठव.”

सुहासने रात्रभर मोबाइलवर बरंच वाचलेलं होतं. “इंग्लंडच्या राणीचा नवरा, प्रिन्स फिलिप. २०१९ च्या जानेवारीत त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. सत्त्याण्णव वर्षांचा होता. स्वतः वाचला, पण समोरच्या गाडीतल्या दोन बाया जखमी झाल्या. पुढच्या महिन्यात त्याने आपणहून परवाना परत केला. राणीच्या नवऱ्याला जमलं, तुम्हाला का जमू नये?”

“त्याच्याकडे ड्रायव्हर होता!” तात्या म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

या उत्तराला घरात कुणाकडेही प्रत्युत्तर नव्हतं. सुहास सकाळी सातला कंपनीच्या बसने जायचा तो रात्री यायचा. वैशालीची शाळा, नातू ओंकारचं कॉलेज. त्या आठवड्यात माईच्या गुडघ्याची डॉक्टरची वेळ चुकली, कारण रिक्षातून चढउतार तिला जमेना. दळण दोन दिवस पडून राहिलं. तात्यांनी शेजाऱ्याकडे गाडी मागितली नाही आणि मुलाकडे किल्लीही मागितली नाही. माईने एका रात्री सुहासला सुनावलं, “तू किल्ली काढून घेतलीस ते ठीक केलंस की नाही, ते मला कळत नाही. पण किल्लीबरोबर त्यांचे पायही काढून घेतलेस. त्याचं काय?”

तात्यांना मात्र एक वाट सुचली. त्यांच्या परवान्याची मुदत डिसेंबरात संपत होती. पंचावन्न वर्षांच्या पुढच्या माणसाला नूतनीकरण मिळतं ते पाच वर्षांचं. आपल्या देशात गाडी चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. सरकारने पुन्हा पाच वर्षांचा शिक्का मारला की सुहासचं तोंड आपोआप बंद होईल, असा त्यांचा हिशोब होता. ते परवान्याची कामं करून देणाऱ्या एका एजंटकडे गेले.

एजंटने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. “काका, वयामुळे डॉक्टरचा दाखला लागतो बघा, नमुना १-अ. पण तुम्ही कशाला दवाखान्याचे हेलपाटे घालता? या वयात?” त्याने ड्रॉवर उघडून एक कागद काढला. तात्यांनी चष्मा सारखा करून वाचला. स्वच्छ सूर्यप्रकाशात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते काय? येते. हॉर्नचा साधा आवाज ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे काय? नाही. रातांधळेपणा आहे काय? नाही. खाली डॉक्टरचा शिक्का, वर झोकदार सही. नाव सोडून सगळं भरलेलं होतं.

“नाव तेवढं टाकतो,” एजंट म्हणाला.

तात्या कागदाकडे बघत राहिले. चहा आला तसा निवला. त्यांच्या डोळ्यांपुढे आगाराचं आवार उभं राहिलं आणि तिथे हाताची घडी घालून उभा असलेला बापू.

बापू त्यांचा जोडीदार ड्रायव्हर. एके वर्षी आगारात डोळे तपासायला माणूस आला, तेव्हा बापूने तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. ई, एफ-पी, टी-ओ-झेड, पार शेवटच्या ओळीपर्यंत. तात्यांना संशय आला, कारण बापू अक्षरांकडे बघण्याआधीच म्हणत होता. संध्याकाळी त्यांनी त्याला आवारात नेलं आणि पलीकडच्या भिंतीशी लावलेल्या गाडीचा नंबर विचारला. बापू “एमएच बारा” म्हणाला आणि पुढे गप्प झाला. सगळ्या गाड्यांवर तेच असायचं, ते सांगायला डोळे लागत नव्हते.

“तात्या, पोरीचं लग्न आहे. ओव्हरटाइम जाईल माझा,” बापू म्हणाला होता.

“तुझ्या मागे बसलेल्या पन्नास जणांच्या घरीही पोरी आहेत,” तात्या म्हणाले आणि त्यांनी वरिष्ठांना कळवलं. बापूचं स्टेअरिंग गेलं, त्याला आगारातच दुसरं काम मिळालं. कितीतरी वर्षं तो तात्यांशी बोलला नाही. निवृत्तीच्या समारंभाला मात्र आला, आणि तेव्हापासून दोघे रोज सकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेकडे तोंड करून बसत.

तात्यांनी कागद एजंटच्या टेबलावर ठेवला. “माझं नाव टाकू नका,” म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांनी बापूला सगळं सांगितलं. मनात कुठेतरी आशा होती, की हा तरी म्हणेल, पोरांना काय कळतंय. बापूने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ट्रॉली किती लांबून दिसली?”

तात्या पायरीवरचा शेवाळलेला दगड नखाने खरवडत राहिले.

“दिसली नाही,” शेवटी म्हणाले. “माई ओरडली म्हणून ब्रेक मारला.”

ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. बापूने त्यावर ना उपदेश केला, ना जुना हिशोब काढला. “रात्री ये मैदानावर,” एवढंच म्हणाला.

रात्री बापूचा पुतण्या जीप घेऊन आला. बापूने पावलं मोजून अंतर काढलं आणि तात्यांना उभं केलं. पुतण्याने जीपचे अपर लाइट लावले आणि ओरडून विचारलं, “तात्या, दिव्याच्या डाव्या अंगाला काय दिसतंय?”

तात्यांनी कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले. दिव्याभोवती पांढरं वलय पसरलं होतं. “काही नाही,” ते म्हणाले. “मोकळं आहे.”

दिवे विझले. मिनिटभर तात्यांना काळोखाशिवाय काहीच दिसेना. मग हळूहळू एक सायकल दिसायला लागली, हँडलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या, आणि सायकल धरून उभा खुद्द बापू. पुतण्या दिवे पुन्हा लावून तात्यांच्या जागी येऊन उभा राहिला. त्याला बापूही दिसला, सायकलही दिसली.

“सकाळी तुला नंबरप्लेट दिसते, मला ठाऊक आहे,” बापू म्हणाला. “पण ऊस रात्री चालतो, दूधवाले पहाटे निघतात. कागदावर विचारतात ते भर उन्हातलं.”

तात्या त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनीच सुहासला उठवलं. “साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं मला. आणि सही तिथलाच डॉक्टर करणार, तपासून. नाही म्हणाला तर नाही.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती. दोन्ही डोळ्यांत औषध घालून त्यांनी आतला पडदा बघितला, डोळ्यांचा दाब मोजला, मशिनसमोर बसवून कडेच्या नजरेचीही परीक्षा घेतली. काचबिंदू असला, तर समोरचं नीट दिसत असूनही कडेचं हळूहळू पुसत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही, म्हणून ही तपासणी. ती ठीक निघाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू मात्र होता.

“बाहुली वयाबरोबर लहान होते, भिंग पिवळट होतं,” त्यांनी समजावलं. “विशीतल्या मुलाच्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो, त्याचा साठीत जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो. त्यात मोतीबिंदू असला की समोरचा दिवा डोळ्यात विखुरतो. दिवा निघून गेल्यावरही नजर सावरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाडी किती पुढे जाते, ते तुम्ही मला सांगा.”

तात्यांना ते सांगायची गरज नव्हती. ताशी साठच्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, हे त्यांनीच आगारात फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

“म्हणजे आता गाडी बंद?” सुहासने विचारलं. त्याच्या आवाजात सुटकेचा सूर होता.

“असं मी कुठे म्हटलं? वय बघून मी सही करत नाही आणि वय बघून नाकारतही नाही. मोतीबिंदू काढता येतो. त्यानंतर पुन्हा तपासू.” मग त्यांनी गोळ्यांची यादी मागवली. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, आणि अंगाला खाज सुटते म्हणून दुकानातून आणलेली एक. “ही शेवटची झोप आणते. ही घेतली की गाडी नाही. आणि साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी तर अजिबात नाही.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी सुहासला सुट्टी मिळेना. एकवीस वर्षांचा ओंकार आजोबांना घेऊन गेला आणि दुपारी घेऊन आला. खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. तात्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. ओंकारचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन. महामार्गावर काटा शंभराच्या पुढे. पाचवडच्या अलीकडे डाव्या लेनमध्ये एक ट्रक बंद पडलेला होता, मागे धोक्याचा त्रिकोण नाही, फक्त झाडाची एक फांदी टाकलेली.

“ओंकार, ब्रेक!” तात्या म्हणाले.

ओंकारने मान वर केली, गाडी कशीबशी उजवीकडे काढली. मागून येणाऱ्या बसने लांबलचक हॉर्न वाजवला. पोराच्या हाताला कंप सुटला. गाडी कडेला घेऊन तो पाच मिनिटं नुसता बसून राहिला.

एका डोळ्यावर पट्टी असलेल्या म्हाताऱ्याला जो ट्रक दिसला, तो दोन्ही डोळे उघडे असलेल्या पोराला दिसला नव्हता.

रात्री घरात पंचायत भरली. तात्यांनी काही सांगितलं नाही, ओंकारनेच सांगितलं. माई म्हणाली, “मग आता याचीही किल्ली काढून घ्यायची?” सुहास गप्प बसला. रस्त्यावर मरणाऱ्यांचा हिशोब पाहिला तर त्याची भीतीही अर्धवटच होती. त्या एका वर्षात, २०२२ मध्ये, देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातली होती आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर होते. म्हातारपणाचा धोका वेगळ्या जातीचा. जगभरच्या अभ्यासांत किलोमीटरमागे अपघातांचं प्रमाण अगदी तरुणांत जास्त दिसतं, मधल्या वयात खाली येतं आणि पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे पुन्हा चढतं. तरुण वेगात आणि मस्तीत आदळतो. म्हातारा चौकात, वळताना, समोरच्याचा अंदाज चुकून. आणि तरुण ज्या धडकेतून हात मोडून उठतो, त्याच धडकेत म्हाताऱ्याच्या फासळ्या मोडतात.

तात्यांनी पोराकडून वहीचा कागद मागून घेतला, आगारातल्या लॉगशीटसारखे रकाने आखले आणि अटी लिहिल्या. दुसरा डोळा होऊन डॉक्टरची सही मिळेपर्यंत स्टेअरिंगला हात नाही. मिळाल्यावरही सूर्य मावळला की गाडी नाही. महामार्ग नाही, घाट नाही. खाजेची गोळी घेतलेल्या दिवशी नाही. दर सहा महिन्यांनी बापू मैदानावर परीक्षा घेणार. आणि माई, सुहास किंवा बापू यांच्यापैकी एकानेही ‘थांबा’ म्हटलं, तर वाद न घालता थांबायचं.

मग त्यांनी कागद सुहासपुढे सरकवला. “आता तुमचे रकाने भरा.”

सुहासला आधी कळलं नाही. माईला कळलं. “रात्री यांना कुठे जायचं झालं तर कोण नेणार? माझ्या डॉक्टरकडे कोण येणार? ते लिही.” सुहासने लिहिलं: दर रविवारी बाजार आणि माईचा दवाखाना. वैशालीने ओळखीच्या रिक्षावाल्याला महिन्याचं ठरवून टाकलं. ओंकारने स्वतःहून लिहिलं: गाडी सुरू करण्याआधी फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. त्याखाली तात्यांनी त्याची सही घेतली. आगारात घ्यायचे तशीच, तारखेसकट.

दोन महिन्यांनी तात्या पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे बसले. या वेळी नमुना १-अ वर सही झाली ती एकेक रकाना तपासून. परवाना पाच वर्षांसाठी नवा झाला. मैदानावर बापूने पुन्हा जीप लावली. तात्यांना सायकल दिसली, किटल्याही दिसल्या. “सूर्य मावळल्यावर तरीही नाही,” बापू म्हणाला. “लिहिलंय तू.” तात्यांनी मान डोलावली.

पुढची जवळजवळ तीन वर्षं गाडी अशीच चालली. सकाळची मंडई, माईचा दवाखाना, कधी मेणवलीचा घाट, फार तर धोम धरणापर्यंत. कुणी म्हणालं, “तात्या, एवढ्या लांब?” तर म्हणायचे, “दिवस आहे अजून.”

२०२५ ची दिवाळी झाली आणि त्यानंतरच्या एका सकाळी, गावातल्याच एका चौकात, तात्या उजवीकडे वळत होते. समोरून स्कूटीवर एक मुलगी येत होती. तात्यांना वाटलं ती लांब आहे, आपण निघून जाऊ. ती लांब नव्हती. तिने करकचून ब्रेक लावला, पाय टेकवले, आणि वॅगनआरच्या दाराशी येऊन थांबली. कुणी पडलं नाही, कुठे ओरखडा नाही.

“सॉरी काका,” ती म्हणाली आणि निघून गेली.

चूक तात्यांची होती. सरळ येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांनी कितीतरी पोरांना घोकून घेतलं होतं. डोळ्यांना स्कूटी दिसली होती. तिचा वेग मात्र मनाला मोजता आला नव्हता. आता यावर शस्त्रक्रिया नव्हती. पांढरे केस बघून त्या पोरीने चूक स्वतःवर घेतली होती. प्रत्येक वेळी समोरच्याच्या ब्रेकवर आपण घरी पोचायचं, हे तात्यांना पटेना.

त्यांनी गाडी घरी आणली, पुसली, कव्हर घातलं. सुहास घरी येताच त्याच्या हातात किल्ली ठेवली.

सुहास दचकला. “कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“नाही. कुणी बोलायच्या आत देतोय.”

“पण परवाना तर अजून दोन वर्षं आहे, तात्या.”

“परवाना सरकारचा आहे. तो कागद बघून देतात. चौकात काय झालं ते कागदाला कुठे ठाऊक?”

बापूला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. बापूने खिशातून तंबाखूची डबी काढली, पुढे केली आणि म्हणाला, “मला तू उतरवलंस. तुला कुणी उतरवावं लागलं नाही. इथे तू माझ्यापेक्षा मोठा ठरलास.” एवढ्या वर्षांत बापूने त्या जुन्या गोष्टीवर काढलेला हा पहिलाच शब्द होता.

किल्ली देऊन तात्या ओट्यावर बसले नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर फुकट आहे. ही सवलत तात्यांनी मानापोटी कधी घेतली नव्हती. ज्या गाडीचं स्टेअरिंग धरलं, तिच्यात फुकटा प्रवासी म्हणून कसं बसायचं? आता ते आधार कार्ड दाखवतात, वाहक शून्य रुपयांचं तिकीट देतो, आणि तात्या ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडतात. साताऱ्याला, पाचगणीला, एकदा माईला घेऊन थेट पंढरपूरला जाऊन आले. ड्रायव्हरला शिकवायला मात्र जात नाहीत. पसरणी घाटात कुणी न्यूट्रलमध्ये उतरवलं तरच खाकरतात.

तात्पर्य: म्हातारा ड्रायव्हर धोक्याचाच असतो, हे खरं नाही, आणि इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून यापुढेही होणार नाही, हेही खरं नाही. बिल्ला कालचा असतो, रस्ता आजचा विचारतो. म्हणून परीक्षा वयाची घेऊ नये, नजरेची, गोळ्यांची आणि चौकातल्या अंदाजाची घ्यावी. ती विशीतल्या पोराचीही घ्यावी, त्याच्या हातातल्या फोनसकट. ज्यांच्या घरात असे तात्या आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: किल्ली मागायची असेल, तर दुसऱ्या हातात त्यांच्या जाण्यायेण्याची सोय घेऊन मागा. आणि जे स्वतः तात्या आहेत त्यांनी डॉक्टरची सही एजंटकडून विकत घेऊ नये. ती फुकट मिळाली तरी महागच पडते.